पाहुणी चंद्रकमळ सिगारेटची

च्वांग बोरेन मास्तरांना आपल्या आईचा चेहरा आठवेनासा झाला, तेव्हा ते सातवीच्या वर्गाला नद्या शिकवत होते. उगमाचा विषय निघाला की दर वर्षी त्यांना आई आठवायची, डोळ्यांच्या कडा ओलावायच्या, आणि मुलं हा एवढा एक धडा त्यासाठीच मन लावून ऐकायची. त्या दिवशी मास्तरांनी डोळे मिटले, उगमापर्यंत गेले, आणि तिथे कुणीच नव्हतं. आईचा निळा सदरा होता. वर अंबाडा होता. मधे, जिथे चेहरा असतो तिथे, पाटीवरून ओलं फडकं फिरवावं तसं स्वच्छ होतं.

"मास्तर, पुढे?" पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"पुढे समुद्र," मास्तर म्हणाले आणि घंटेची वाट न बघता घरी आले.

शांघायच्या त्या गल्लीत खालच्या स्वयंपाकघरात सहा बिऱ्हाडांच्या सहा शेगड्या. बायको पेइफेन आपल्या शेगडीवर कोबी परतत होती.

"पेइफेन, आई दिसायला कशी होती गं?"

"मला काय विचारता? एकवीस वर्षं मी मान खाली घालून काढली. चपला विचारा. काळ्या मखमलीच्या, उजव्या अंगठ्याशी ठिगळ, ठिगळाला हिरवा दोरा. डावी फरफटायची. अजून काही?"

"चेहरा गं, चेहरा!"

"तिथवर नजर न्यायची माझी छाती कुठे होती, मास्तर?"

फोटो म्हणाल तर एकही नव्हता. सहासष्ट सालच्या त्या वाईट उन्हाळ्यात आईने स्वतःच्या हाताने एका दुपारी सगळे फोटो शेगडीत घातले होते, कारण दोन फोटोंत वडिलांनी टाय घातला होता, आणि त्या दिवसांत घरात परदेशी थाटाचं काही सापडलं तर धडगत नसे. टायबरोबर माणसंही गेली. पुढे निवृत्तीच्या कार्डावर एक लावावा लागला, पण शिक्का मारणाऱ्याने तो इतका मन लावून मारला होता की लाल वर्तुळातून आईचा एक कान तेवढा बाहेर उरला होता. कान अगदी स्पष्ट होता. पण कानापुढे ताट कसं मांडायचं?

आणि ताट तर मांडायचं होतं. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी गेलेली माणसं घरी जेवायला येतात. आईला जाऊन तिसरं वर्ष, आणि तिसऱ्या वर्षापासून तसबीर लावायची ही च्वांगांच्या घरची रीत. तसबिरीशिवाय हाक मारली तर ती नेमकी कुणाला गेली, हे कळायचं कसं? सण दीड महिन्यावर आला होता, आणि ज्या मुलाने हाक मारायची त्यालाच आई ओळखू येईना. मास्तरांनी ही गोष्ट बायकोखेरीज कुणाला सांगितली नाही. म्हणजे सहाही शेगड्यांना संध्याकाळपर्यंत कळली.

गल्लीच्या तोंडाशी याओ म्हातारा बसायचा. गेलेल्यांची कोळशाची चित्रं काढून द्यायचा. त्याच्या दुकानात भिंतभर मेलेली माणसं रांगेने टांगलेली असत. न्यायला न आलेली.

"फोटो?" याओने विचारलं.

"नाही."

"मग बसा तुम्हीच समोर. मिशी काढतो, अंबाडा घालतो, झाली आई. मुलात आई असतेच."

मास्तर उठले. पंचवीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला भर दुकानात अंबाडा घालायची भाषा! गल्लीतून चालताना त्यांचा हात दोनदा मिशीकडे गेला.

आणि त्या रागातच त्यांना ती जुनी गोष्ट आठवली. आई लग्नाआधी सिगारेटच्या कारखान्यात पाकिटं भरायची. लहानपणी बोरेन उलट बोलला की ती कान धरायची. चार बोटं कानाला आणि यंत्राच्या फळीत सापडून कायमची वाकडी झालेली करंगळी गालात टोचायची. आणि म्हणायची, "कुणाशी बोलतोयस ठाऊक आहे? मला कॅलेंडरवर काढलंय. चंद्रकमळ सिगारेट, साल चौतीस." घरात कुणी यावर विश्वास ठेवला नाही. वडील तर ठसका लागेपर्यंत हसायचे.

पण ते चित्र असलं तर?

शहराच्या ग्रंथालयात जुन्या जाहिराती होत्या, पण त्या पाहायला पत्र हवं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, आई ही घरगुती बाब, गल्लीच्या समितीकडे जा. समितीच्या फांग बाई म्हणजे चष्म्यावरून बघणाऱ्या, आणि चष्म्यावरून बघितलेलं कधीच न विसरणाऱ्या.

"कारण?" त्यांनी लेखणी उचलली.

"आईला बघायचंय."

"आई वारली ना तुमची? मी स्वतः नाव कमी केलंय."

"चित्रात बघायचंय. लहान दिवसाला तसबीर..."

"थांबा. ते ऐकलं नाही मी. ऐकलं तर अंधश्रद्धा म्हणून लिहावं लागेल." फांग बाईंनी जरा विचार केला. "इतिहास लिहू या का? इतिहास चालतो." आणि त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं: 'सदर गृहस्थ जुन्या तंबाखू-जाहिरातींच्या चित्रांचा इतिहास अभ्यासत आहेत.' शिक्का मारला. मास्तरांनी पाहिलं, अक्षरांवर नाही मारला. "आता एक. अभ्यास केला की भाषण द्यावं लागतं. सणाच्या चार दिवस आधी, वाचनखोलीत. चहा समितीचा."

अशा रीतीने मास्तर आई शोधायला निघाले आणि इतिहासकार होऊन बसले.

ग्रंथालयातल्या बाईंनी कापडी दोऱ्या सोडून चित्रांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि लांबच्या खिडकीशी विणायला जाऊन बसल्या. मास्तरांनी पहिलं चित्र उलटलं. तळ्याकाठी बाई, हातात सिगारेट. दुसरं. झोपाळ्यावर बाई. तिसरं, पंखा घेतलेली. दहाव्या चित्रापाशी मास्तर थांबले. झगे निराळे होते, फुलं निराळी, सिगारेटची नावं निराळी. चेहरा एकच होता. तेच भरलेले गाल, तीच हसू येईल न येईलशी जिवणी. मास्तरांनी भराभर पानं उलटली. चाळीस चित्रं, चाळीस बाया, आणि प्रत्येक जणी जणू ओळख आठवत असावी तशी त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी गठ्ठा घाईने पालथा घातला. शेवटून तिसऱ्या चित्राच्या कोपऱ्यात नाव दिसलं, चंद्रकमळ. साल तेच. हिरव्या झग्यातली बाई वेताच्या खुर्चीत बसली होती.

मास्तरांच्या छातीत काहीतरी ओळखीचं हललं. "आई," ते म्हणाले.

"इथे बोलायचं नाही," विणणाऱ्या बाई म्हणाल्या.

चित्र नेता येणार नव्हतं. त्याची नक्कल हवी तर वेगळं पत्र, आणि त्या पत्रासाठी आधीचं पत्र परत आणून द्यायचं. मास्तर खचून घरी आले. शेजारच्या बिऱ्हाडातल्या निंग काकूंना, वय अठ्ठ्याहत्तर, दात चार, ही हकीकत भिंतीतून ऐकू गेलेली होतीच. त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"हिरव्या झग्यातली? वेताची खुर्ची? अरे, ती माझ्या कपाटाच्या पाठीला आहे की."

"तुमच्या कपाटाच्या?"

"वीस वर्षं. सहासष्ट साली तुझ्या आईनेच दिली लपवायला. म्हणाली, जाळवत नाही, यात मी आहे. मी भिंतीकडे तोंड करून चिकटवली, वारंही लागत नाही मागून." मग काकूंनी डोकं खाजवलं. "पण खरं सांगू का पोरा, मी चिकटवण्याआधी उजेडाला धरून बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं. मला काही ती त्यात दिसली नाही बाई."

या वाक्याचा पुढचा अर्धा भाग मास्तरांनी ऐकलाच नाही. माणूस नवस फेडायला निघाला की वाटेतल्या दगडाला शेंदूर दिसतो, तसं त्यांचं झालं होतं.

कपाट सरकवायला चार बिऱ्हाडं लागली. चित्र निघालं, पाण्याने सोडवलं, फक्त खालच्या तारखांचा एक कोपरा कपाटाने ठेवून घेतला. काचेत बसवून मास्तरांनी ते जेवणाच्या मेजासमोर टांगलं. बाई हसली. म्हणजे ती हसतच होती. पण पेइफेन म्हणाली, आत्ता हसली.

"आईच का ही?" पेइफेनने खालून वर पाहिलं. "सँडल घातलेत. यावरून मला काय कळणार?"

आता मास्तर हे मुळात परीक्षेआधी सराव परीक्षा घेणाऱ्यांपैकी. सणाला आठ दिवस असताना रविवारी दुपारी त्यांनी सगळ्याची रंगीत तालीम करायचं ठरवलं. मेज मांडलं, चित्रासमोर खुर्ची, खुर्चीपुढे वाडगा, जेवायच्या काड्या, ऊन केलेल्या तांदळाच्या दारूचा पेला. आईने जन्मात सिगारेट ओढलेली कुणी पाहिली नव्हती, पण चित्रात हातात सिगारेट होती, आणि आईला चित्रात खोटं कसं पाडायचं? म्हणून एक सिगारेट पेटवून उदबत्तीच्या राखेत उभी खोचली. हात जोडून मास्तर म्हणाले, "आई, ये. जेवायला बस."

दार बंद होतं. वारा नव्हता. वेताची नसलेली ती लाकडी खुर्ची, कुणीतरी अंग सोडून बसावं तशी, हलकेच करकरली.

आणि सिगारेट जळू लागली. नुसती पेटलेली सिगारेट कशी जळते ते मास्तरांना ठाऊक होतं. ही तशी जळत नव्हती. टोक लाल व्हायचं, मग मंद व्हायचं, मग पुन्हा लाल. ओढ आणि थांब. ओढ आणि थांब. शेवटपर्यंत राख पडली नाही, बोटभर लांब वाकून तशीच राहिली.

"वाऱ्याची झुळूक असेल," मास्तर म्हणाले.

"असेल," पेइफेन म्हणाली. "बाईमाणूस झुळूक दिसते."

मग त्यांनी भांडी आवरली. जेवण आटोपल्यावर चंदेरी कागदाच्या मोहरा जाळून पाहुण्यांना निरोप द्यायचा असतो. पण पेइफेनने मोहरा सणापुरत्याच दुमडल्या होत्या. तालमीला कशाला जाळायच्या? आणि फांग बाईंना धूर दिसला असता तो निराळाच. राहू दे, सणाला होईलच, असं दोघांचं ठरलं.

चूक झाली ती इथे. तालीम त्यांच्या मनात होती. बोलावणं खरं होतं. आवाहन केलं आणि विसर्जन केलं नाही तर आलेल्याने जायचं कुठे? व्रत करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. उद्यापन राहिलेलं व्रत घरात कसं फिरत राहतं, ते ती शांतपणे सांगेल.

सोमवारी सकाळी घरात सिगारेटचा वास होता. राखेत कालचं थोटूक होतं, आणि त्याच्या एका टोकाला लाल ओठांचा ठसा होता. मास्तरांनी पेइफेनकडे पाहिलं. पेइफेनने उभ्या आयुष्यात ओठ रंगवले नव्हते. तिने मास्तरांकडे पाहिलं. दोघांनीही हा विषय काढला नाही. संसारात असे प्रसंग येतात.

मंगळवारी निंग काकूंची मांजर आत आली, खुर्चीपाशी थांबली, कुणाच्या तरी पायात घोटाळावं तशी रिकाम्या जागेभोवती वाटोळी फिरली आणि गुरगुरत डोळे मिटून बसली. बुधवारी चित्राखाली फरशीवर चिमूटभर राख सापडली. मास्तरांनी काचेला नाक लावून पाहिलं. चित्र आणलं तेव्हा त्यातली सिगारेट नुकती पेटवलेली होती, याची त्यांना खात्री होती. आता ती अर्धी होती. पेइफेनने निमूटपणे खाली एक बशी ठेवली.

"अगं, बशी कसली ठेवतेस!"

"रोज कोण पुसणार? एक मात्र आहे, मास्तर. सासूबाई खोकायच्या ते गल्लीच्या तोंडाशी ऐकू जायचं. ही खोकते तोंडावर रुमाल धरून."

"तू खोकताना ऐकलंस?"

"काल भाजी निवडताना. आणि दुसरं. एकवीस वर्षांत सासूबाईंनी मला 'बस' म्हटलं नाही. मी उभीच जेवले. ही म्हणते."

"म्हणते?" मास्तरांनी हातातला पेला खाली ठेवला.

"म्हणजे, शेजारचं स्टूल सरकतं. माझ्याकडे." पेइफेन लाजल्यासारखी झाली. "बसले मी. वाईट काय त्यात? बरं वाटतं कुणीतरी सरकून जागा दिली की."

पण खरी गोष्ट दारावर चालली होती. सोमवारपासून रोज दुपारी चार वाजता दारावर थाप पडायची. दोन टकटक आणि एक लाथ. मास्तर उघडायचे, बाहेर कुणी नसायचं. गल्लीत दूरवर वाळत घातलेले कपडे, खाऱ्या मोहरीच्या पानांचा आंबूस वास, बाकी शून्य. दार लावलं की पुन्हा तेच, जास्त जोरात. दोन टकटक, एक लाथ. कुठेतरी ऐकलंय, असं मास्तरांना वाटायचं, पण कुठे ते आठवेना. आठवण्याच्या कामात सध्या त्यांचा हात जरा आखडलाच होता.

गुरुवारी भाषण. वाचनखोलीत शेगडीभोवती चाळीस म्हातारी माणसं चहा पीत बसली होती. मास्तरांनी काचेतलं चित्र खांद्यावरून वाहून आणलं आणि फळ्याला टेकवलं. वाटेत ते त्यांना एका काचेपेक्षा बरंच जड लागलं होतं.

"सुरुवातीला," मास्तरांनी सुरुवात केली, "परदेशी सिगारेटवाल्यांनी त्यांच्याकडचीच चित्रं वाटली. बर्फाचे डोंगर, कुत्री, घोड्यावरचे गोरे साहेब. लोकांनी पाकिटं घेतली, चित्रं ठेवून दिली. नव्या वर्षाला घोडेवाला कोण भिंतीवर लावणार? मग त्यांनी इथले चित्रकार धरले. आधी नाटकातले वीर आले, मग देवादिक, मग या बाया. खाली चंद्राच्या आणि सूर्याच्या दोन्ही तारखा छापल्या. सिगारेटबरोबर चित्र फुकट. धूर नवऱ्याच्या छातीत आणि बाई बायकोच्या भिंतीवर, अशी ही विक्री..."

"अगं बाई, ती मीच की!" मागून एक आजी ओरडल्या.

"तू? तुझे गाल कधी असे होते? ती मी!"

"दोघी गप्प बसा. हा झगा माझा आहे."

बघता बघता पाच आज्या फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि प्रत्येक जणी आपला चेहरा चित्राशेजारी धरू लागली. फांग बाई टेबल बडवत होत्या. मास्तरांचा स्वाभिमान दुखावला. निदान आई तरी आपली एकट्याची असावी एवढीच त्यांची अपेक्षा होती.

"ही तुमच्यातली कुणीच नाही गं," शेगडीशी बसलेला याओ म्हातारा हसत म्हणाला, आणि हळूहळू त्याचं हसू ओसरलं. "मीच घासलेत हे गाल. चित्रशाळेत शिकत होतो तेव्हा. कोळशाची पूड कापसाने घासायची म्हणजे गालाला गोलाई येते, मग वरून पाण्यातला रंग. आमच्या मालकांकडे तोंडाचा एकच खाका होता. चहाघरात गाणारी एक मुलगी होती, ती एकतीस साली एकदाच येऊन बसली. दोन तास. पुढच्या थंडीत छातीच्या दुखण्याने गेली. न्यायला कुणी आलं नाही. मागे कुणी नव्हतंच. आम्ही मात्र बारा वर्षं तिचंच तोंड काढत राहिलो, तळ्याकाठी, झोपाळ्यावर. नाव विचारायचं राहून गेलं."

"म्हणजे हे सगळं चित्र तिचं?" मास्तरांचा आवाज बारीक झाला.

"सगळं कुठलं? झगा एक जण काढायचा, फुलं दुसरा, हात आणखी कुणाचे बघून. पण तोंड तिचंच."

खोलीत शेगडीतला कोळसा तडकला. निंग काकूंनी आपल्या चार दातांतून, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बोरेन, मग तुझ्या आईच्या खुर्चीवर बसलंय कोण?"

"प्रश्न विषयाला धरून विचारावेत," फांग बाई म्हणाल्या. पण त्यांनीही चित्राकडे पाहिलं, आणि आपली खुर्ची थोडी मागे घेतली.

चित्र घेऊन घरी येताना मास्तरांना दारावरची ती थाप कुठली ते आठवलं. आई बाजारातून यायची तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या. एक हात कसाबसा मोकळा करून दोन टकटक, आणि तेवढ्यात उघडलं नाही तर लाथ. चार वाजता. रोज. मास्तर गल्लीतच थांबले. त्यांनी सख्ख्या आईला दाराबाहेर उभं केलं होतं आणि तिच्या खुर्चीवर एका अनोळखी बाईला बसवून सिगारेट पाजली होती. आणि आईचा स्वभाव काय होता ते सांगायला चेहरा आठवायची गरज नव्हती.

सणाचा दिवस ढगाळ उजाडला. उजेड असा नव्हताच. दुपारी तीनलाच भिंती राखाडी झाल्या. मेजावर मासा होता, तांबडं शिजवलेलं मांस होतं, काळ्या तिळाचं सारण भरलेले तांदळाच्या पिठाचे गोळे वाफाळत होते. मास्तरांनी पितळी घमेलं पुढे ओढलं.

"आधी हिला निरोप देऊ," ते कुजबुजले. "मोहरा जाळू, चित्र खाली उतरवू. मग दार उघडून आईला घेऊ."

"जेवणाआधी?" पेइफेनने घमेल्यावर पाय ठेवला. एकवीस वर्षं आणि वर तीन, एवढ्या काळात तिने मास्तरांपुढे कशावर पाय ठेवला नव्हता. "सणाच्या दिवशी, भरलेल्या ताटावरून उठवायचं? पन्नास वर्षं तिला कुणी जेव म्हटलं नाही, मास्तर. चाळीस भिंतींवर हसवलंत तिला, एक वाडगा भात कुणी पुढे ठेवला नाही."

"अगं, पण खुर्ची आईची आहे!"

"आणि बोलावणं कुणी केलं?"

टक, टक. आणि लाथ. दाराची कडी उडाली आणि पुन्हा बसली.

मास्तर चित्रापाशी धावले. निदान तोंड भिंतीकडे तरी करू या, आईला दिसायला नको. त्यांनी चौकट धरली. काच गरम होती. बाई त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत, घरातून काढल्या जाणाऱ्या माणसाच्या असते तशी, आधीपासूनची तयारी होती. मास्तरांना ते बघवेना. त्यांनी नजर खाली घेतली.

खाली हात होता.

दीड महिना त्यांनी चेहरा शोधला होता. हाताकडे कधी पाहिलंच नव्हतं. सिगारेट धरलेला हात. पाकिटं भरून ज्यांना सवय आहे त्या बोटांनी धरावी तशी, अगदी टोकाशी. नखं आखूड. आणि करंगळी. ती दुमडलेली नव्हती, नाजूकपणे उचललेली नव्हती. दुसऱ्या पेरापाशी मोडून बाहेर वळलेली होती. चित्रकाराने ती सरळ करायची तसदी घेतली नव्हती.

मास्तरांचा डावा गाल हुळहुळला.

"पेइफेन," ते म्हणाले, "आई यातच आहे गं. खोटं नव्हती बोलत."

आणि मग हातामागून मनगट आलं, मनगटावर दुमडलेली निळी बाही आली, खांदा आला, शेगडीच्या झळीने अर्धी जळालेली ती एक भुवई आली, रुंद कपाळ आलं, आणि हसू दाबून ठेवायच्या सवयीने कोपऱ्यांत खाली ओढलेलं तोंड आलं. आईने चेहरा कुठे नेला नव्हता. तो कान धरणाऱ्या त्या हातामागे ठेवला होता, जिथे मास्तरांनी बघायला हवं होतं.

दारावर पुन्हा थाप. या वेळी नुसती लाथ.

पेइफेनने घमेल्यावरचा पाय काढला, धावत जाऊन शेजारच्या खोलीतून दुसरी खुर्ची आणली, पहिलीच्या शेजारी टेकवली. दुसरा वाडगा मांडला, दुसऱ्या काड्या, दुसरा पेला. मग चित्राकडे वळून, लहान बहिणीला सांगावं तशी ती म्हणाली, "सरकून घ्या हं थोडं."

पहिली खुर्ची फरशीवर करकरत वीतभर सरकली. पेइफेन आपल्या स्टुलावर टेकली.

मास्तरांनी कडी काढली. बाहेर गल्ली रिकामी होती. खाऱ्या पानांचा आंबूस वास आला आणि गार वारा आला, रागावलेल्या बाईसारखा, उंबऱ्यावर जरा थांबून.

"आई," मास्तर म्हणाले, "आत ये. घरात एक पाहुणी आहे. पण हात तुझाच आहे."

वारा त्यांच्या अंगावरून आत गेला. जाता जाता त्यांचा डावा कान चार ठिकाणी आवळला गेला, आणि गालात काहीतरी कचकन टोचलं. एकोणपन्नास वर्षांचे मास्तर "आई गं" म्हणून ओरडले, आणि ते ओरडणं आणि रडणं यात फरक करता येईना.

दुसरी खुर्ची करकरली. मेजावरच्या दोन्ही पेल्यांतली दारू हलली, आणि राखेत खोचलेली सिगारेट एकदा लाल झाली, थांबली, आणि मग दुसऱ्या कुणीतरी ओढावी तशी, जोरात, ठसका लागेल इतकी लाल झाली.

मास्तर कान चोळत वळले. पेइफेन स्टुलावरून केव्हाच उठून उभी राहिली होती. दोन्ही हात पोटाशी धरून, मान खाली घालून, डोळे दुसऱ्या खुर्चीपुढच्या फरशीवर. एकवीस वर्षांची सवय.

"काय गं?" मास्तरांनी कुजबुजत विचारलं. "काय झालं?"

पेइफेनने मान वर केली नाही.

"हिरवा दोरा आहे," ती म्हणाली.